न सांगता दिलेले डबे

सरकारी कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी नेलेलं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "तुमची माणसं चांगली असतील, मी नाही म्हणत नाही. पण कुठल्या दिवशी कोण जाणार, हे कुणी लिहून ठेवलंय का?"

मी हसले. सातवा महिना होता, पाय सुजलेले, रांगेत तासभर उभी होते, तरी हसू आलं. आमच्यात असं लिहून ठेवत नाहीत, प्रेमाला वेळापत्रक नसतं, असं काहीतरी मी म्हणाले. वाक्य चांगलं जमलं म्हणून मनातून खूशही झाले. बाईंनी शिक्का उचलला, मारायच्या आधी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या की पायाची पट्टी दर तिसऱ्या दिवशी बदलावी लागते, प्रेम असो नसो. मग शिक्का मारला. हा सगळा संवाद मी घरी नवऱ्याला नक्कल करून दाखवला. सरकारी माणसांचा उद्धटपणा म्हणून.

पत्र मावशींचं होतं. आमची सगळी मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, त्यांना इस्त्रीवाल्या मावशी म्हणते. रुग्णालयाच्या धुलाईघरात त्यांनी चाळीस वर्षं चादरींना इस्त्री केली. उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या, आणि डाव्या घोट्यावर एक जखम झाली ती भरेचना. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि खाली उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी. सरकारच्या एका योजनेतून त्यांना रोज दुपारी गरम जेवणाचा डबा यायचा आणि दर तिसऱ्या दिवशी परिचारिका येऊन जखम धुऊन पट्टी बांधून जायची. हे सगळं बंद करावं, असं त्या पत्रात लिहिलं होतं. अक्षर माझं. खाली मावशींची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी. शेवटचं वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं होतं: "यापुढे त्यांच्या अन्नाची व शुश्रूषेची संपूर्ण जबाबदारी आमची मंडळी आनंदाने घेत आहे." आनंदाने हा शब्द तिसऱ्या वेळी घातला.

आता हे का झालं ते सांगते, आणि स्वतःला सोडून सांगणार नाही.

आमच्या मंडळीचे एक वडील आहेत. वडील म्हणजे पाळकांच्या खालोखाल कारभार बघणारे. धंदा टायरचा, घाऊक. माझा नवरा त्यांच्याच गोदामात हिशेबनीस आहे आणि पाठीमागे त्यांना टायरवाले म्हणतो. समोर अर्थात काका. दर गुरुवारी संध्याकाळी गोदामाच्या वरच्या खोलीत त्यांचा अभ्यासवर्ग असे. खाली रबराचा वास, वर प्रभूचं वचन. टायरवाले बोलतात छान, हे आजही नाकारत नाही. देणारा हात मोठा आहे हेही नाकारत नाही. धनवान माणसाला देवाच्या राज्यात जाणं किती अवघड, यावर स्वतः धनवान असून डोळ्यांत पाणी आणून बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं म्हणणं असं. दान मनापासून असेल तरच दान. कर म्हणजे मानगुटीवर बसून घेतलेला पैसा. त्या पैशातून सरकार गरिबाला भाकरी देतं तेव्हा देणाऱ्याला प्रेम करावं लागत नाही, घेणाऱ्याला कृतज्ञ व्हावं लागत नाही, आणि देव दोघांच्या मधून हद्दपार होतो. राजाचा कर राजाला द्या, प्रभूने सांगितलंय, मी दमडी न दमडी भरतो, ते म्हणत. पण शास्त्राने सरकारच्या हातात तलवार दिलीय, पळी नाही. वाढायचं काम मंडळीचं. प्रभूच्या दृष्टांतात रस्त्यात मार खाऊन पडलेल्या माणसाला त्या परक्या वाटसरूने स्वतःच्या जनावरावर घातलं, स्वतःच्या खिशातून सरायीत ठेवलं. त्याने कुठल्या खात्याकडे अर्ज केला नाही.

ही शेवटची ओळ माझी होती. मी राज्यशास्त्र शिकलेली, वर्गात तसं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. मी ती एकदा सहज बोलले, टायरवाल्यांनी मांडीवर थाप मारली आणि त्यानंतर दर महिन्याला एक गुरुवार मला बोलायला दिला. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, शिक्षण कपाटात पडून होतं. कुणीतरी ते बाहेर काढलं, एवढ्यावरच मी विकली गेले.

दुसरी गोष्ट आमच्या मंडळीच्या शिरस्त्याची. आम्ही त्याला गुप्त सेवा म्हणतो. देताना वाजंत्री नको, गुपचूप द्यावं, बघणारा देव आहे, ही प्रभूची शिकवण सगळ्याच मंडळ्यांत सांगतात. आमच्यात ती अक्षरशः पाळतात. कुणी कुणाला काय दिलं हे विचारायचं नाही, सांगायचं नाही. ज्याला द्यायचं त्यालाही कळू द्यायचं नाही. दारात ठेवायचं, टकटक करायची, निघून यायचं. मंडळीतल्या शिंप्याने एकदा अनाथ मुलांचे सदरे शिवून दिल्याचं बोलता बोलता सांगितलं, तर वर्गात एकाने टाळी वाजवली आणि म्हणाला, घ्या, शिंपीभाऊंना प्रतिफळ इथेच मिळालं, स्वर्गातलं खातं बंद. सगळे हसले. मीही. शिंपी हसला नाही, आणि पुढे त्याने काही शिवून दिल्याचं ऐकलं नाही. अर्थात दिलं असेल तरी ऐकू येणार नव्हतंच.

एका गुरुवारी टायरवाले म्हणाले की आपल्यातलंच एक लेकरू आज राजाच्या ताटात जेवतंय, आणि आपण इथे बसून प्रेमावर बोलतोय. नाव घेतलं नाही. घेण्याची गरज नव्हती. पुढच्या रविवारी मावशी उपासनेत काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की त्यांना आता सरकारचा डबा नको, त्यांचं कुटुंब इथे आहे. बायका रडल्या. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. भला माणूस, पण त्यांचं राहतं घर टायरवाल्यांचं, त्यामुळे त्यांचे डोळे जरा जास्तच वेळ मिटलेले असतात. मावशींकडे कोण जाणार, असं तेव्हा एकानेही विचारलं नाही. टायरवाले एवढंच म्हणाले की ज्याच्या त्याच्या मनात प्रभू घालील.

पहिल्या आठवड्यात प्रभूने सगळ्यांच्याच मनात घातलं. मी बुधवारी दुपारी डबा घेऊन गेले. जिने चढताना दम लागला, प्रत्येक मजल्यावर थांबले, कठडा किती ढिला आहे ते हलवून पाहिलं. वर गेले तर दारात चार डबे. एकातून आंबूस वास येत होता. सरकारचा एक यायचा, आपले चार, या विचाराने माझा ऊर भरून आला. पाचवा कशाला म्हणून माझा डबा मी परत घरी आणला आणि आम्ही दोघांनी तो खाल्ला. नवरा म्हणाला, मावशींच्या वाटचं दिसतंय, मीठ बेताचं आहे.

बाकीच्यांनी काय केलं ते मला फार नंतर कळलं. तेच केलं. जो गेला त्याने दारातले डबे पाहिले, समाधानाने आपला परत आणला आणि नंतर जायचा थांबला. कुणी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं.

मग माझी मुलगी झाली, तीन आठवडे आधी. वीस दिवस रुग्णालयात. वजन इतकं कमी की मला तिला हातात घ्यायची भीती वाटे. घरी आल्यावर मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसायची. कुणी शिंकलं तर मी तिला उचलून दुसऱ्या खोलीत जायची. माझ्या जगात तेव्हा एवढंच होतं, दूध किती प्यायली आणि छाती हलतेय का. मावशी उपासनेला येत नाहीत, पाय दुखतो म्हणतात, असं कानावर आलं. मी विचारलं, कुणी बघतंय ना? उत्तर आलं, हो, कुणीतरी बघतंय. आणि मी दुधाकडे वळले.

चार महिन्यांनी लस द्यायला दवाखान्यात गेले. सुई टोचणाऱ्या परिचारिकेने मला ओळखलं नाही, पण माझ्या कार्डावरचा पत्ता पाहून विचारलं की तुमच्या भागातल्या त्या इस्त्रीवाल्या आजी बऱ्या आहेत का. पूर्वी तीच त्यांची पट्टी बांधायला जायची. आता कोण बांधतं? मी ठणकावून सांगितलं, आमच्या मंडळीत दोन नर्स आहेत. ती म्हणाली, दोघींपैकी कोण? लेक रडत होती. मी तिला खांद्यावर थोपटत बाहेर आले आणि घरी न जाता तशीच मावशींच्या इमारतीकडे गेले.

दारात एकही डबा नव्हता. आत काठीचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. दार उघडायला मावशींना इतका वेळ लागला की मी दोनदा परत फिरायचा विचार केला. खोली नेहमीसारखी लखलखीत. पडद्यांची घडी जागच्या जागी. भिंतीशी धुऊन पुसून रचलेले डबे, खाली मोठे वर लहान. मी मोजले, सतरा. परत करायचे होते, पण कुणाचे ते मावशींना ठाऊक नव्हतं. विचारावं तर देणाऱ्याचं प्रतिफळ जायचं. टेबलावर पावाचं पाकीट होतं. मला सवय आहे, मी तारीख वाचते. ती उलटून नऊ दिवस झाले होते. काळा चहा, त्यात बुडवून पाव, सकाळ-दुपार. खालचा सायकलवाला पाव आणून द्यायचा. मावशी दोरीला पिशवी बांधून खिडकीतून खाली सोडायच्या.

गाल बसलेले. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. आणि वास. मला वाटलं लेकीने लंगोट भरला. नव्हता भरला.

पायाला त्यांनी उशीच्या अभ्र्याच्या पट्ट्या फाडून गुंडाळल्या होत्या. त्या पट्ट्यांना इस्त्री होती. कडक, सुरकुती नाही. "इस्त्रीने जंतू मरतात, पोरी," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं तेच तर केलं." खालची कातडी मी पाहिली. त्याचं वर्णन करणार नाही. शेवटचं कोण आलं होतं, विचारलं तर म्हणाल्या, महिना झाला असेल. मग बोटं मोजून म्हणाल्या, दीड.

मी ओरडलेच. मग सांगितलं का नाही कुणाला?

मावशींनी माझ्याकडे पाहिलं ते अगदी मायेने. हे मला सगळ्यात जास्त लागतं. "मागून घेतलं तर ते दान राहतं का? वर्गात तूच तर समजावून सांगितलंस."

मी लेकीला त्यांच्या पलंगावर उशांच्या मध्ये ठेवलं आणि दोन्ही नर्सना फोन केले. त्या दोघी सख्ख्या जावा, एकाच घरात राहतात, एकमेकींशी बोलत नाहीत, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. थोरली म्हणाली, मला वाटलं ती जाते. धाकटी म्हणाली, थोरल्या बाईंच्या कामात मी कशाला नाक खुपसू, नंतर ऐकून कोण घेणार. दोघींनीही मला आणखी एक सांगितलं, वेगवेगळ्या शब्दांत: असं विचारणं आपल्यात बसत नाही.

मी जखम मला जमली तशी धुतली. रुग्णालयात चला म्हटलं तर मावशी नको म्हणाल्या. लोक काय म्हणतील, मंडळीने टाकलं असं म्हणतील. मी लेकीला उचललं आणि थेट गोदामात गेले.

टायरवाले टायरांच्या रांगांमध्ये उभे राहून माल मोजून घेत होते. माझा नवरा वरून काचेतून बघत होता. मी सगळं सांगितलं. त्यांना खरंच धक्का बसला, हेही सांगायला हवं. ते क्षणभर एका टायरवर बसले. मग म्हणाले की मी उद्याच व्यवस्था करतो, पण सूनबाई, याची वाच्यता नको. मी म्हटलं वाच्यता नव्हती म्हणूनच हे झालं. आपण परिचारिकेची योजना पुन्हा सुरू करू, मी पत्र लिहिते.

तिथे त्यांचा चेहरा बदलला. एका माणसाच्या ढिलाईवरून तत्त्व सोडायचं नसतं, ते म्हणाले. सरकारकडे परत जाणं म्हणजे आम्ही प्रेम करू शकत नाही असं लिहून देणं. मी त्या वाटसरूची आठवण काढली. म्हटलं, काका, आपण त्याचं अर्धंच सांगत होतो. तो सरायवाल्याशी बोलून गेला होता. याला बघ, हे पैसे घे, जास्त लागले तर परत येताना मी देईन, असं तोंडाने सांगून. सरायवाल्याला माहीत होतं कुणाला बघायचंय आणि कोण विचारायला येणार आहे. दारात गाठोडं ठेवून तो पळाला नव्हता.

"तू मला शास्त्र शिकवू नकोस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुझं बाळंतपण वीस दिवस चाललं. त्या खोलीचं बिल कोणी भरलं, कधी विचारलंस?"

हमाल थांबले. वर काचेमागे नवरा उभा राहिला. मला सांगण्यात आलं होतं की रुग्णालयाच्या कुठल्याशा निधीतून ते माफ झालं. चार महिने रोज रात्री मी त्यासाठी गुडघे टेकत होते.

"नाही विचारलं," मी म्हटलं. "म्हणून तर आजवर देवाचे आभार मानत होते. आता तुमचे मानायचे का?"

ते पुन्हा माल मोजायला वळले. पण मला एक गोष्ट तिथेच कळली. गुप्त दान त्यांच्याकडे वाया गेलेलं नव्हतं. ते जपून ठेवलेलं होतं, वेळ येईल तेव्हा बाहेर काढायला. आणि त्यांच्याशी मी भांडू शकत होते याचं कारण एवढंच की मला दुसरीकडे जाता येत होतं. मावशींना तिसऱ्या मजल्यावरून खालीही येता येत नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याने ताट सरकवलं. म्हणाला, तुझं राज्यशास्त्र आपल्याला पोसणार आहे का? मी म्हटलं, तुझे टायरवाले पोसतायत ते दिसलंच आज. तो उठून हात धुऊन आला आणि मग म्हणाला की बिलाचं त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. सांगायचं नाही असं ठरलं होतं. त्यानंतर आमच्या घरात जे काही बोलणं होतं ते लेकीला उद्देशून होतं.

रविवारी उपासनेनंतर मी उठून उभी राहिले. लेक कडेवर. मी एवढंच म्हटलं की गेल्या दीड महिन्यात ज्यांनी मावशींच्या घरी पाऊल टाकलं त्यांनी हात वर करा. प्रतिफळ गेलं तर माझ्या खात्यातून घ्या.

पंख्याचा आवाज येत होता. शिंप्याने हात अर्धा उचलला आणि खाली घेतला. नंतर कळलं, तो इमारतीखालपर्यंत जाऊन परत आला होता. दोन्ही जावा दोन दिशांना बघत होत्या. कुणीतरी मागून म्हणालं, बाळंतपणानंतर बायकांचं होतं असं. हसू पसरलं. तरी मी बसले नाही. मी जखमेचं सांगितलं, पावाच्या तारखेचं सांगितलं.

तेवढ्यात दार उघडलं. गोदामातल्या दोन पोरांनी मावशींना खुर्चीत बसवून आणलं होतं. टायरवाल्यांची व्यवस्था. पायावर शाल, केस विंचरलेले. टायरवाले वाकून नरम आवाजात म्हणाले, मावशी, या सूनबाई म्हणतात तुमची आबाळ होते. तुम्हीच सांगा.

मावशींनी सगळ्यांकडे पाहिलं. चाळीस-पन्नास माणसं, त्यांचं सगळं कुटुंब. "मला काही कमी नाही," त्या म्हणाल्या. "पोरीचं मन हळवं आहे. तिला माफ करा."

झालं. पाळकसाहेबांनी डोळे मिटले. मला काही काळ विश्रांती घ्यायला सांगण्यात आलं, विश्रांती म्हणजे येऊ नका. बाहेर पडताना मी खुर्चीशेजारून गेले. शालीखालचा वास पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला येत असणार. कुणी नाक मुरडलं नाही. सभ्य माणसं आहेत.

त्यानंतर तीन दिवस मावशींच्या दारात पुन्हा डबे आले. मी हे पाहिलंय, कारण मी रोज सकाळी लेकीला झोळीत घेऊन समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहते आणि जिन्यावर कोण चढतं ते बघते. दुकानदार मला वेडी समजतो, एकदा त्याने स्टूल दिलं. चौथ्या दिवशी कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी टायरवाल्यांच्या पोरांनी दहा किलो पीठ आणि तेलाचा डबा वर नेऊन ठेवला. पायावर दोन मिनिटं उभी राहू न शकणाऱ्या बाईला. आज अकरावा दिवस, सहाव्यापासून जिना रिकामा आहे. नर्सपैकी एकही फिरकलेली नाही.

मी वर गेले नाही असं नाही. चार वेळा गेले. मावशी दार उघडत नाहीत. आतूनच म्हणतात, "जा, पोरी. तू मला सगळ्यांत उघडं पाडलंस." मी रुग्णवाहिका बोलावली. बरोबर मी आहे हे ओळखून मावशींनी बंद दारातूनच गाडीच्या माणसांना गोड आवाजात सांगितलं की सगळं ठीक आहे. जाताना त्यांच्यातल्या एकाने मला बजावलं, पुन्हा खोटा फोन केला तर दंड होईल.

कचेरीतही जाऊन आले. त्या जुन्या बाई बदलून गेल्या, आता तिथे एक तरुण आहे, बोलायला बरा. त्याने फाइल काढली आणि माझंच पत्र माझ्यासमोर ठेवलं. योजना पुन्हा सुरू करायला मावशींची सही लागते, त्या देणार नाहीत. नाहीतर दोन बाहेरच्या माणसांनी स्वतः डोळ्यांनी पाहून लिहून द्यायला हवं. मग ते डॉक्टर पाठवू शकतात, सहीशिवाय. मी म्हटलं मी देते लिहून. त्याने माझ्या सहीवर बोट ठेवलं. ज्या बाईने मदत बंद केली तीच आता तक्रार करतेय, साहेब याला मंडळीतलं भांडण म्हणतील, तो म्हणाला. चुकीचं बोलला नाही. सायकलवाल्याला विचारलं तर त्याने हात झाडले. त्याला गोदामातून टायर उधारीवर मिळतात. लस देणारी परिचारिका खात्यातलीच, तिला बाहेरची धरत नाहीत, आणि औषधाच्या दुकानदाराला वेड्या बाईच्या नादी लागायचं नाही. आणि माझ्या ओळखीचं जे कुणी आहे ते सगळं मंडळीतलं आहे. लग्न झाल्यापासून मी दुसरी ओळख केलीच नाही.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही परके आहात, तेवढंच मला हवंय. परक्या माणसाला मावशी दार उघडतात, पाणी विचारतात. दार बंद आहे ते फक्त माझ्यासाठी.

सायकलच्या दुकानावरची इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताचं दार, हिरव्या रंगाचं. कठड्यावर भार देऊ नका. टकटक केल्यावर थांबा, त्यांना उठून यायला पाच-सहा मिनिटं लागतात. निघून जाऊ नका. माझं नाव काढू नका. काही नेलंत तर दारात ठेवू नका, आत जा, समोर बसा, त्या खाईपर्यंत बसा. त्या म्हणतील मला काही कमी नाही. ऐकून घ्या आणि डावा पाय बघायला मागा. शक्य असेल तर दोघं जा, आणि उतरल्यावर लगेच कचेरीत जाऊन लिहून द्या. पाय घोट्याच्या वर काळा पडायला लागला असेल तर मात्र कचेरीत जाऊ नका, त्यांना विचारतही बसू नका. त्यांच्याशेजारी बसूनच गाडी बोलवा, आणि गाडीची माणसं आत येईपर्यंत दार उघडं धरून ठेवा.